शूप्लाटलर: परंपरा कोणाची, नियम कोणाचा

जर्मनीतील बव्हेरियाच्या दक्षिणेकडील टेगर्नझे, मीसबाख, बेर्शटेसगाडेन या डोंगराळ पट्ट्यात आणि सीमेपलीकडे ऑस्ट्रियातील टिरोल व साल्झबुर्ग प्रांतांत शूप्लाटलर हे नृत्य आजही हौसेने नाचले जाते. ते जपणाऱ्या मंडळांमध्ये एक प्रश्न मात्र बराच काळ धुमसत आहे: मांड्यांवर आणि बुटांच्या तळव्यांवर थाप देण्याचा अधिकार फक्त पुरुषांचाच आहे का? बव्हेरियातील बहुतेक जुन्या मंडळांचे उत्तर ठरलेले आहे. मुलगे थाप देतील आणि मुली गिरक्या घेतील. मंडळाच्या अधिकृत कार्यक्रमात किंवा स्पर्धेत मुलीने थाप देणे परंपरेला सोडून आहे, असे ही मंडळे मानतात. माझे मत याच्या नेमके उलट आहे. स्त्री-पुरुष समानतेचे तत्त्व मला मान्य आहेच, परंतु इथे त्याचा आधार घेण्याची गरजसुद्धा पडत नाही, कारण ज्या परंपरेचा हवाला देऊन हा नियम सांगितला जातो तिचा इतिहास नीट पाहिला तर हा नियम तिच्यातून निघतच नाही.

मराठी वाचकांना हे नृत्य अगदीच अनोळखी नसावे. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या युरोप सहलींत इन्सब्रुकचा मुक्काम पुष्कळदा असतो आणि तिथे रात्रीच्या जेवणाबरोबर टिरोली लोकनृत्यांचा कार्यक्रम ठेवलेला असतो. चामड्याच्या आखूड चड्ड्या घातलेले काही पुरुष रंगमंचावर येतात, मांड्या बडवतात, आरोळ्या ठोकतात, आणि टाळ्यांच्या गजरात मंडळी बसकडे निघतात. हा कार्यक्रम प्रवाशांसाठी बेतलेला असतो आणि त्यात गंमत अधिक ठेवलेली असते, त्यामुळे या नृत्याला किती तयारी लागते हे त्यावरून कळत नाही.

शूप्लाटलर बहुधा तीन मात्रांच्या लेंडलर या चालीवर नाचतात. वॉल्ट्झ ज्या नृत्यप्रकारांतून घडला त्यांपैकी ही एक. नाचणारा एका पायावर उडी घेतो, दुसरा पाय गुडघ्यात दुमडून वर आणतो, आणि तेवढ्या अवधीत त्याचे हात एका मांडीवर, दुसऱ्या मांडीवर आणि मग वर आलेल्या बुटाच्या तळव्यावर पडतात. पाय कधी समोरून वर येतो, कधी पाठीमागून. मागून आलेला तळवा न बघता अचूक सापडावा लागतो. हे सारे होत असताना पाठ मात्र ताठ राहिली पाहिजे. पाय हाताकडे यावा, हात पायाकडे जाऊ नये, अशी अपेक्षा असते, त्यामुळे बूट गाठण्यासाठी कमरेत वाकणारा नाचणारा जाणत्यांच्या नजरेला लगेच कच्चा वाटतो. थापा प्रत्येक मात्रेवर एकेक अशा सरळ बसत नाहीत. मध्येच दुगुण येते, एखादी मात्रा मुद्दाम रिकामी सुटते, आणि एवढे असूनही आठ जणांच्या थापा मिळून एकच आवाज उमटला पाहिजे. नवशिक्या मुलांच्या मांड्या सुरुवातीच्या सरावांत लालबुंद होतात. मुलींचे काम याहून सोपे आहे असे कोणी समजू नये. जमिनीलगतच्या लहान लहान पावलांनी कित्येक आवर्तने स्वतःभोवती फिरत राहायचे, घागऱ्याचा घेर सारखा फुललेला ठेवायचा, तो प्रमाणाबाहेर उडू द्यायचा नाही, आणि फिरता फिरताच वर्तुळात मागच्या-पुढच्यांपासून अंतर राखून पुढे सरकायचे, तेही चक्कर न येऊ देता. हार्मोनिका, म्हणजे इथले बटणांचे अकॉर्डियन, वाजवणाऱ्याने लय किंचित चढवली की दोन्हीकडची तयारी उघडी पडते.

या नृत्याला हजार वर्षांची परंपरा आहे, असे कार्यक्रमांच्या निवेदनात अनेकदा ऐकू येते. त्याला आधार म्हणून अकराव्या शतकातील ‘रुओडलीब’ या लॅटिन काव्याकडे बोट दाखवले जाते, ज्याचे अवशेष टेगर्नझेच्या मठातील जुन्या हस्तलिखितांत मिळाले. त्यात एका तरुण-तरुणीच्या नाचाचे सुंदर वर्णन आहे: तो ससाण्यासारखा घिरट्या घेतो आणि ती पाकोळीसारखी, ते जवळ येतात, पण एकमेकांच्या हाती लागत नाहीत. हातांचा उल्लेखही त्या ओळींत आहे, परंतु ती टाळी होती, हावभाव होते की अंगावरची थाप होती याचा निर्णय त्यावरून करता येत नाही. एवढ्या आधारावर आजच्या नृत्याचे वय हजार वर्षे ठरवणे मला घाईचे वाटते. मात्र ज्यांना तो पुरावा मान्य आहे त्यांनी तो पुरता मानावा: त्या काव्यात एकच जोडपे आहे, कवायत नाही, आणि दोघेही सारख्याच हिरिरीने नाचत आहेत.

आपल्याला अधिक खात्रीने दिसते ते एकोणिसाव्या शतकातील शूप्लाटलर, आणि ते आजच्यापेक्षा पुष्कळ मोकळे होते. गावातील सराईत नाच असे. एखादा तरुण वादकांपुढे पैसे ठेवून हवी ती चाल वाजवून घेई आणि आपल्या जोडीदारणीभोवती मनाला येईल तसा नाचे. ती स्वतःभोवती फिरत त्याच्यापासून निसटत राही, आणि शेवटी दोघे एकत्र येऊन साधी गिरकी घेत. थापा कुठे, किती आणि कोणत्या क्रमाने द्यायच्या, हे त्या तरुणाच्या अंगातील चपळाई आणि त्या वेळची ऊर्मी ठरवत असे. प्रत्येक खोऱ्याची ढब वेगळी असायची आणि एकाच खोऱ्यातील दोन चांगल्या नाचणाऱ्यांच्या थापाही सारख्या नसायच्या. आल्प्समधील ग्राउस या रानकोंबड्याच्या प्रणयनृत्याची ही नक्कल आहे, असे लोक सांगत आले आहेत. ते खरे असो वा नसो, त्या काळच्या नाचात एकाने एकीपुढे स्वतःला दाखवणे हाच मुख्य भाग होता यात शंका नाही.

हे नृत्य नियमांत बसले ते राजे, प्रवासी आणि मंडळे यांच्या काळात. १८४८ ते १८६४ या काळात राज्य करणाऱ्या दुसऱ्या माक्सिमिलियान राजाला बव्हेरियन अस्मिता बळकट करायची होती आणि त्यासाठी त्याने स्थानिक पोशाख व चालीरीतींना उत्तेजन दिले. त्याच सुमारास आल्प्समध्ये शहरी पाहुण्यांची ये-जा वाढली, आणि गावकऱ्यांनी एकमेकांसाठी नाचायचे ते नृत्य पाहुण्यांपुढे सादर होऊ लागले. १८९२ मध्ये श्लीअर्झे येथे शेतकरी नाटकमंडळी उभी राहिली आणि थोड्याच वर्षांत तिने अमेरिकेचा दौराही केला. रंगमंचावर एका जोडप्याच्या मनस्वी नाचापेक्षा दहा जणांची एकसारखी हालचाल उठून दिसते, आणि नृत्याची घडण त्या दिशेने वळत गेली.

१८८३ मध्ये बायरिशत्सेल या गावी योझेफ फोग्ल या शाळामास्तराने काही मित्रांना जमवून स्थानिक पोशाख टिकवण्यासाठी मंडळ काढले. गुडघे उघडे ठेवणारी चामड्याची चड्डी तोवर मागे पडत चालली होती. या मंडळींनी ती मुद्दाम शिवून घेतली आणि उघडपणे वापरायला सुरुवात केली. पुढे अशी मंडळे गावोगावी निघाली आणि १८९० मध्ये त्यांचा पहिला संघ स्थापन झाला. पोशाखाबरोबर नृत्य आले, नृत्याबरोबर शिस्त आली. कोणत्या शूप्लाटलरमध्ये कोणती थाप कधी पडेल हे ठरवले गेले, त्यांना गावांची नावे मिळाली, सर्वांनी अग्रणी नाचणाऱ्याकडे पाहून एकाच वेळी थाप द्यायची असे ठरले. आज ज्याला आपण अस्सल शूप्लाटलर म्हणतो त्याचे स्वरूप मुख्यतः याच काळात पक्के झाले. ते घडवणारे शाळामास्तर, कारागीर आणि लहान दुकानदार होते. आपल्या भागाविषयी त्यांना मनापासून प्रेम होते, आणि त्या प्रेमापोटीच त्यांनी पुष्कळ काही नव्याने बेतले.

त्या काळच्या परंपरारक्षकांना हे सारे कसे दिसले, याचाही विचार करायला हवा. उघड्या गुडघ्यांवरून चर्चची नाराजी दीर्घकाळ चालली, आणि १९१३ मध्ये म्युनिक-फ्रायझिंगच्या आर्चबिशपच्या कार्यालयाने आखूड चामडी चड्डी नीतीला धरून नाही, असा निर्वाळा दिला. आज त्याच पोशाखात ही मंडळे प्रार्थनेला जातात आणि धर्मगुरू त्यांच्या ध्वजांना आशीर्वाद देतात. म्हणजे परंपरा जपणारी मंडळे त्यांच्या जन्मकाळी परंपरेच्या नावानेच दोषी ठरली होती. मंडळांनी तेव्हा माघार घेतली नाही, हे त्यांचे मोठेपण आहे. आज थाप देऊ इच्छिणाऱ्या मुलीला तोच आक्षेप ऐकवताना त्यांनी स्वतःचा हा इतिहास आठवावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.

मंडळांनी केलेल्या कामाचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. ती नसती तर हे नृत्य बहुधा जेवणाबरोबरच्या कार्यक्रमापुरते उरले असते. सरावाच्या संध्याकाळी सराईच्या वरच्या मजल्यावर सहा-सात वर्षांची मुले येतात, मोठी मुले त्यांना पावले मोजून दाखवतात, एखादा निवृत्त सुतार हार्मोनिका घेऊन कोपऱ्यात बसलेला असतो, आणि या साऱ्यासाठी कोणी मोबदला घेत नाही. वर्षानुवर्षे, गावागावांत, हौशी माणसांनी हे चालवले आहे. अशा संस्थेवर टीका करणाऱ्याने तिचे ऋण आधी मान्य केले पाहिजे, आणि मी ते मनापासून मान्य करतो. परंतु जपण्याच्या या कामात एक गोष्ट निसटली: नाचता नाचता नवे सुचणे. ‘प्राइसप्लाट्लन’ म्हणजे बक्षिसाची स्पर्धा पाहिली की हे लक्षात येते. परीक्षक कागद-पेन्सिल घेऊन बसलेले असतात. थाप मात्रेवर पडली का, पाठ ताठ होती का, मुलीची गिरकी सारखी होती का, तिचा घागरा किती फुलला, पोशाखात काही कमी-जास्त नाही ना, या निकषांवर गुण कापले जातात. ठरलेल्या रचनेत एखाद्याने स्वतःची थाप घातली तर ती कितीही देखणी असली तरी चूक धरली जाते. ज्या नृत्यात एके काळी स्वतःची थाप असणे हीच नाचणाऱ्याची ओळख होती, त्यात आज तिला गुण नाहीत.

आता मुलींविषयीचा सर्वांत वजनदार आक्षेप घेऊ. मंडळांतील विचारी माणसे म्हणतात की शूप्लाटलर ही प्रणययाचना आहे. तो दिपवतो, ती हुलकावणी देते, आणि शेवटी दोघे एकत्र येतात. मुलीही थाप देऊ लागल्या तर ही गोष्टच नाहीशी होईल. हा आक्षेप मला हलका वाटत नाही, कारण कोणत्याही नृत्यात कोण कोणासमोर काय करतो याला अर्थ असतो आणि तो अर्थ काढून घेतला की फक्त व्यायाम उरतो. पण आजच्या समूहनृत्याकडे निरखून पाहावे. वर्तुळात आठ जोड्या आहेत, आठही मुलगे एकाच क्षणी एकच थाप देत आहेत, त्यांची नजर अग्रणीकडे आहे. कोणी कोणाला दिपवत नाही, कोणी कोणाशी चढाओढ करत नाही, आणि कोणत्या मुलीने हुलकावणी द्यायची की नाही हे रचनेने आधीच ठरवून टाकले आहे. प्रणययाचनेची ती गोष्ट मुलींमुळे नाहीशी होणार नाही. एकसारखेपणाचा आग्रह धरला गेला तेव्हाच ती मागे पडली. शिवाय लाकूडतोड्यांचा नाच आणि थोबाडीत देण्याचा नाच, जे नेहमीच्या कार्यक्रमांत हमखास असतात, त्यांत स्त्रीला मुळी जागाच नाही. पहिल्यात पुरुष थापांच्या मध्ये करवत चालवतात आणि दुसऱ्यात एकमेकांच्या गालावर चापट दिल्याचा खेळ करतात. तिथे प्रणय कुठे गेला, असे कोणी विचारत नाही. प्रणयाशिवायचे शूप्लाटलर पुरुषांना चालते, तर त्याच कारणावरून ते स्त्रियांना नाकारणे न्यायाचे नाही.

परंपरेवर कोणाचा हक्क, हे जन्मावरून ठरवण्याचा प्रयत्न याच प्रदेशात एकदा टोकाला गेला होता, आणि तो इतिहास या चर्चेत वगळू नये. जून १९३८ मध्ये, ऑस्ट्रिया नाझी जर्मनीत विलीन झाल्यावर काही महिन्यांतच, साल्झबुर्गच्या पोलिसप्रमुखाने ज्यूंना आल्प्सचा पोशाख घालण्यास बंदी केली. चामड्याच्या चड्ड्या, डिर्न्डल हा स्त्रियांचा घागऱ्याचा पोशाख, पांढरे पायमोजे, टिरोली टोप्या यांची नावे घेऊन ती बंदी जाहीर झाली. ज्यांना हे नाकारले गेले त्यांचा या परंपरेतील वाटा किती होता, हे पाहिले म्हणजे त्या बंदीचा खोटेपणा दिसतो. म्युनिकमध्ये १९०० साली युलिउस आणि मोरित्स वालाख या ज्यू भावांनी लोकपोशाखांचे दुकान सुरू केले होते, आणि १९१० मध्ये ऑक्टोबरफेस्टच्या शताब्दीच्या मिरवणुकीतील पोशाख त्यांनी तयार केले. डिर्न्डलला शहरात प्रतिष्ठा मिळवून देण्यात त्यांचा हात मोठा होता. १९३८ मध्ये त्यांचा व्यवसाय हिरावून घेतला गेला. व्हिएन्नातील ज्यू उद्योजक घराण्यातला कोनराड माउट्नर ऑस्ट्रियातील ग्रुंडल्झे सरोवराकाठच्या ग्योसल गावात वर्षानुवर्षे राहून तेथील गाणी आणि चाली गोळा करत असे. १९१० मध्ये त्याने त्या स्वतःच्या हाताने लिहून, चित्रांनी सजवून प्रसिद्ध केल्या. १९२४ मध्ये तो वारला, आणि १९३८ नंतर त्याच्या पत्नीला देश सोडावा लागला. १९३९ मध्ये इन्सब्रुकमध्ये नाझी राजवटीने ‘जर्मन पोशाखा’साठी कार्यालय उघडले आणि गेरट्रूड पेझेनडॉर्फर हिच्या देखरेखीखाली डिर्न्डलची नव्याने आखणी झाली, युद्धानंतरही तिचे नमुने वापरात राहिले.

आजची मंडळे आणि तेव्हाची राजवट यांना एका पंगतीत बसवण्याचा विचारही माझ्या मनात नाही. तसे करणे अन्यायाचे होईल. मला एवढेच दाखवायचे आहे की ‘आमचे’ आणि ‘परक्यांचे’ ही विभागणी जेव्हा जेव्हा कागदावर काढली गेली, तेव्हा ज्यांनी प्रत्यक्ष काम केले ती माणसे तिने बाहेर टाकली. ग्योसलची गाणी आज गाता येतात ती ग्योसलमध्ये जन्म न झालेल्या माणसाने ती उतरवून घेतली म्हणून. त्यामुळे शूप्लाटलर कोणाचे, या प्रश्नाला मला एकच उत्तर पटते: जो किंवा जी ते नीट शिकायला तयार आहे, त्यांचे.

प्रत्यक्षात ते तसे होऊही लागले आहे. ऑस्ट्रियात केवळ मुलींचे थाप देणारे गट निघाले आहेत आणि गावच्या उत्सवांत लोक त्यांना दाद देतात. म्युनिकमध्ये १९९७ मध्ये समलिंगी पुरुषांचा ‘श्वूप्लाटलर’ हा गट स्थापन झाला. ‘श्वूल’ म्हणजे समलिंगी या जर्मन शब्दावर कोटी करणारे त्यांचे नाव खेळकर असले तरी पोशाख, पावले आणि सराव याबाबत ते काटेकोर आहेत. पुरुष पुरुषाबरोबर नाचतो, एवढाच काय तो फरक. अटलांटिकपलीकडे अमेरिका-कॅनडातील मंडळांचा स्वतंत्र संघ आहे आणि तिथे स्थलांतरितांची नातवंडे-पतवंडे, ज्यांतील अनेकांना घरी जर्मन बोलता येत नाही, त्याच कडक निकषांनी प्राइसप्लाट्लन करतात. या सर्वांमुळे टेगर्नझेकाठचे शूप्लाटलर कणभरही कमी झालेले नाही.

एक काळजी मात्र मलाही वाटते. मुलींना थाप खुली झाली तर गिरकीची कला कोण शिकेल? वर तिचे वर्णन केले आहे. ती अवघड आहे, डोळ्यांत भरणारी नाही, आणि प्रेक्षकांच्या टाळ्या बहुधा थापेला मिळतात. दहा वर्षांच्या मुलीपुढे दोन्ही ठेवले तर तिचा ओढा थापेकडे असण्याचा संभव आहे. पण एखादी कला टिकवण्यासाठी तिच्या शिकाऊ माणसांना दुसरे काही शिकू द्यायचे नाही, हा मार्ग मला मान्य नाही. गिरकीला टाळ्या मिळत नाहीत, याचे कारण तिला कार्यक्रमात कधी एकट्याने पुढे येऊ दिले जात नाही. तिला तशी जागा द्यावी, तिचे बारकावे प्रेक्षकांना निवेदनातून सांगावेत, आणि मुलग्यांनाही ती शिकवावी. स्वतः फिरून पाहिलेला मुलगा जोडीदारणीच्या गिरकीला जागा सोडून थाप देतो, हा त्याच्या नाचालाही फायदाच आहे.

आता सार्वजनिक पैशाचा मुद्दा. लोकसंस्कृतीच्या जतनासाठी बव्हेरियाचे सरकार पोशाखमंडळांच्या कामाला मदत करते, आणि ती मिळायला हवी, असे मला वाटते. मात्र सर्वांच्या करातून चालणाऱ्या बालवर्गात थाप आणि गिरकी दोन्ही सर्व मुलामुलींना शिकवल्या जाव्यात, एवढी अट त्या मदतीला असावी. मंडळाने आपल्या वार्षिक मेळाव्यात कोणती रचना कशी नाचावी, यात सरकारने लक्ष घालू नये. तो निर्णय सभासदांचा आहे. मुलीला थाप येते आणि तिच्या मंडळात त्या थापेला जागा नाही, असे जेव्हा पिढीभर दिसेल, तेव्हा तेच सभासद मतदानाने नियम बदलतील.

स्पर्धांबाबत माझी सूचना अधिक जुन्या वळणाची आहे. ठरलेल्या रचनांची फेरी आहे तशी राहू द्यावी. तिच्यातील शिस्तीला स्वतःचे सौंदर्य आहे. तिच्याबरोबर एक मोकळी फेरी ठेवावी, जिच्यात एक जोडी आणि एक हार्मोनिकावाला एवढेच असतील, चाल जोडीने मागावी, आणि थापा कोणाच्या, किती व कुठे हे त्या दोघांनी नाचता नाचता ठरवावे. अशा नाचाला गुण कसे द्यायचे, असा आक्षेप लगेच येईल. त्याचे उत्तर याच प्रदेशात तयार आहे: ग्श्टान्झ्ल या चारोळ्यांच्या गायनात गाणारा समोर बसलेल्यांवर जागच्या जागी ओळी रचतो, त्यासाठी मेळावे भरतात, सराया तुडुंब भरतात, आणि कोणाची ओळ जमली हे ठरवायला बाकांवर बसलेल्या लोकांना कधी छापील निकष लागलेले नाहीत.